हरणाऱ्याची तलवार
(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेले भाषण)



कोजागिरीच्या मेळाव्यात कोणातरी वडीलधाऱ्याने चार शब्द बोलावेत आणि मग दुधाचे पेले फिरावेत, असा आपल्या मंडळाचा जुना शिरस्ता आहे. दूध आटेपर्यंत बोलावे आणि आटले की थांबावे, एवढीच वक्त्यावर अट असते. यंदा ही पाळी आमच्यावर आली. हा गृहस्थ निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा ‘शिस्त’ किंवा ‘आजचा विद्यार्थी’ यांपैकी एखादा विषय घेईल, अशी चिटणीसांची समजूत असावी. सिनेमातील तलवारबाजीवर बोलणार असे आम्ही कळविले, तेव्हा त्यांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. विषय हलका आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. तो निवडण्यास कारण आहे, आणि ते कारण या सभागृहातील बहुतेक घरांशी संबंधित आहे.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे शिकलो नाही. शिकवीत मात्र राहिलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी जे प्रश्न विचारले, त्यांतील एक प्रश्न कधी जुना झाला नाही. ‘गुरुजी, सिनेमात ते खरेच मारतात का?’ आम्ही ‘नाही’ म्हटले की मुलांची तोंडे उतरत. म्हणजे मग सगळे खोटेच! येथेच मुलांची, आणि मुलांच्या वडिलांचीही, गफलत होते. पडद्यावर तलवार अंगास लागत नाही हे खरे. परंतु न लागू देणे हीच त्या ठिकाणी विद्या आहे, आणि लावण्यापेक्षा ती पुष्कळ अवघड आहे. तलवारबाजीस इंग्रजीत ‘फेन्सिंग’ म्हणतात. हा शब्द बचाव या अर्थाच्या ‘डिफेन्स’ या शब्दापासून निघालेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

फेन्सिंगच्या खेळात हल्ली तीन हत्यारे असतात : फॉइल, एपे आणि सेबर. कसलेल्या खेळाडूचे मनगट इतके थोडे आणि इतके जलद हलते की, टोक केव्हा टेकले हे शेजारी उभ्या असलेल्या पंचासही दिसत नाही. म्हणून विजेची योजना करावी लागली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपेला, १९५६ मध्ये मेलबर्नला फॉइलला आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला सेबरला ती जोडली गेली. टोक वा पाते लागले की दिवा पेटतो. आपल्या देशाची भवानीदेवी २०२१ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारपटू ठरली, ती सेबरमध्येच. तिने पहिला सामना १५-३ असा जिंकला. तो सामना पाहताना आमच्या घरातील मंडळींस दिव्यावरूनच काय ते कळत होते. तलवार कोणालाच दिसली नाही.

आता सिनेमावाल्याची अडचण लक्षात येईल. उत्तम तलवारबाजी प्रेक्षकाला दिसत नाही, आणि जी दिसते ती जाणत्यास उत्तम वाटत नाही. या पेचातून वाट काढणारा मनुष्य म्हणजे फ्रेड केव्हन्स. मूळचा बेल्जियमचा, लष्करी पद्धतीने तलवार शिकलेला हा वस्ताद १९२० नंतरच्या दशकात हॉलिवूडमध्ये आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पडद्यावरील प्रत्येक हात मोठा असावा, शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास दिसेल इतका मोठा. परंतु तो चुकीचा नसावा. वार भरपूर घेराचा करावा, पण शास्त्र सोडू नये. पुढील पंचवीस-तीस वर्षे अमेरिकन चित्रपटांतील तलवार बहुतांशी याच नियमाने चालली.

त्यापूर्वी डग्लस फेअरबँक्स येऊन गेला होता. १९२० मधील ‘द मार्क ऑफ झोरो’ आणि १९२१ मधील ‘द थ्री मस्केटिअर्स’ या मूकपटांनी तलवारीचा नायक जगभर लोकप्रिय केला. फेअरबँक्सचे बळ तलवारीपेक्षा उडीत होते. मेजावरून खिडकीत, खिडकीतून घोड्यावर, आणि मध्येच प्रतिस्पर्ध्याची थट्टा! त्याचे चित्रपट आपल्याकडेही धो धो चालले, आणि त्याच्याच धर्तीवर आपल्यातील एक मनुष्य पुढे आला, तो म्हणजे मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या मारधाडीच्या मूकपटांत तो नायक झाला, आणि लोक त्यास ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणू लागले. १९३१ मध्ये पहिला बोलपट ‘आलम आरा’ निघाला, त्याचा नायक हाच. त्या कामासाठी त्याने शारदाचा करार मोडला, तेव्हा खटला झाला आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. दैव कसे पाहावे! ज्या पहिल्या बोलपटासाठी एवढा खटाटोप केला, त्यात उर्दू संवाद नीट येईनात म्हणून त्याच्या वाट्याला बोलणे थोडेच ठेवावे लागले. तलवार बोलत होती तोवर विठ्ठलास तोड नव्हती.

आता आम्ही आमच्या आवडत्या माणसाकडे वळतो. आमच्या तरुणपणी जिल्ह्याच्या गावी एका चित्रपटगृहात रविवारी सकाळच्या खेळास जुने इंग्रजी चित्रपट लागत, आणि तिकीट स्वस्त असे. तेथे आम्ही ‘कॅप्टन ब्लड’ पाहिला, ‘रॉबिन हूड’ पाहिला, ‘झोरो’चा १९४० मध्ये निघालेला बोलपट पाहिला. संवाद निम्मे कळत नसत. परंतु एक गोष्ट तिसऱ्या चित्रपटापर्यंत ध्यानात आली. नायक बदलत, मरणारा मात्र एकच असे! उंच, सडपातळ, धारदार नाकाचा, शेवटच्या लढाईत जीव तोडून लढणारा आणि शेवटी पडणारा. त्याचे नाव बेझिल रॅथबोन.

रॅथबोन १८९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे जन्मला. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात होता आणि शौर्याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस मिळाला होता. तलवार तो हौसेने आणि नेटाने शिकला. त्या काळच्या हॉलिवूडच्या नटांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. असा हा मनुष्य १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील खडकांत एरॉल फ्लिनकडून मारला जातो. १९३८ च्या ‘रॉबिन हूड’मध्ये किल्ल्याच्या जिन्यावर पुन्हा त्याच फ्लिनकडून मारला जातो, खांबावर दोघांच्या प्रचंड सावल्या लढतात, ती तीच लढाई. १९४० मध्ये झोरो झालेला टायरोन पॉवर त्यास ठार करतो. फ्लिन देखणा होता, चपळ होता, पण तलवारीचे रीतसर शिक्षण त्याने फारसे घेतलेले नव्हते. खरी लढाई झाली असती, तर फ्लिनचे काय झाले असते याविषयी रॅथबोनला स्वतःला मुळीच शंका नव्हती, आणि त्याने ते लपविलेही नाही. पॉवरविषयी मात्र त्याचे मत चांगले होते.

झोरोची ती लढाई आम्ही परवा नातवाच्या मोबाईलवर पुन्हा पाहिली. थांबवून थांबवून, चार वेळा. दिवाणखान्याएवढ्या खोलीत दोघे लढतात. आरंभी रॅथबोन सहज एका मेणबत्तीचा शेंडा उडवितो. पॉवरही वार करतो, पण मेणबत्ती तशीच उभी राहते. रॅथबोन हसतो. मग पॉवर मेणबत्तीचा वरचा तुकडा अलगद उचलून दाखवितो. मेणबत्ती कापली गेली होती, हललीच नव्हती! त्या क्षणी थेटरात टाळ्या पडत, त्या पॉवरला. परंतु आता म्हातारपणी पाहताना आमचे लक्ष रॅथबोनच्या चेहऱ्यावर गेले. हसू ओठांवरच विरते आणि डोळ्यांत प्रथमच भीती येते. ती भीती दिसली नसती, तर कापलेली मेणबत्ती म्हणजे गारुड्याचा खेळ झाला असता. रॅथबोन त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि पॉवर सव्वीस वर्षांचा. तेथे पॉवरच्या जागी काही काही ठिकाणी केव्हन्सचा मुलगा अल्बर्ट लढला आहे. म्हणजे वस्तादाच्या मुलाशी लढावे, तरुण नटाशी लढावे, त्या दोघांची तलवार एकच वाटेल असे लढावे आणि शेवटी स्वतः भिंतीशी कोसळावे, असे त्या माणसाचे काम होते.

रॅथबोन पडद्यावर एकदा जिंकला आहे. १९३६ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो टिबॉल्ट होता, आणि टिबॉल्ट मर्क्युशिओला मारतो. हे सुख थोडाच वेळ टिकले. लगेच रोमिओ येऊन त्यास मारतो. या भूमिकेबद्दल मात्र ऑस्करसाठी त्याचे नाव सुचविले गेले होते. पुढे १९३९ ते १९४६ पर्यंत चौदा चित्रपटांत तो शेरलॉक होम्स झाला आणि जग त्यास त्याच रूपात ओळखू लागले. आमच्या मते होम्स होणारे पुष्कळ मिळतील. असे हरणारा मिळणे कठीण.

ही लढाई बसवितात कशी, हे आता सांगितले पाहिजे, कारण हे कोठेही उपयोगी पडेल. प्रथम लढाई कागदावर उतरते. फेन्सिंगमध्ये बचावाचे आठ पवित्रे मानलेले आहेत आणि त्यांस क्रमांकावरून नावे आहेत. तेव्हा वस्ताद नुसते आकडे सांगतो आणि दोघे नट ते आकडे पाढ्यांसारखे पाठ करतात. मग अगदी सावकाश, पाण्यात चालावे तसे हात करावयाचे. दिवसेंदिवस वेग वाढवीत न्यावयाचा. चेहरा कितीही त्वेषाचा असो, नजर जोडीदाराच्या नजरेस बांधलेली पाहिजे. अंतर असे ठेवावयाचे की, पूर्ण हात लांब केला तरी पाते थोडके अलीकडेच राहावे. कॅमेरा बाजूने पाहतो, म्हणून ते प्रेक्षकास कळत नाही. पाती बोथट असतात, पुष्कळदा हलक्या धातूची असतात. खणखणाट मागाहून घालतात. १९८६ च्या ‘हायलँडर’ चित्रपटात ठिणग्या हव्या होत्या, म्हणून तलवारींना कपड्यांआडून तारा नेऊन मोटारीच्या बॅटऱ्या जोडल्या होत्या. हे मात्र घरी कोणी करू नये.

यात एक गोष्ट अशी आहे की, ती ऐकून आम्ही स्वतः थक्क झालो. आपणांस वाटते, वार करणारा आधी हलतो आणि झेलणारा मागाहून. रंगभूमीवरील आणि पडद्यावरील शिस्त उलटी आहे. वार करणारा हात मागे घेऊन क्षणभर खूण देतो. झेलणाऱ्याने ती पाहिली, त्याचा बचाव सुरू झाला, की मगच वार पुरा व्हावयाचा. झेलणारा तयार नसेल तर वार होतच नाही. लढाईची दोरी ही अशी बचाव करणाऱ्याच्या हाती असते. जिंकणाऱ्याने आवेश दाखवावा. लढाई सांभाळावी ती हरणाऱ्याने.

एवढे करूनही अपघात होतात. १९५३ च्या ‘द मास्टर ऑफ बॅलँट्रे’ चित्रपटाच्या वेळी बॉब अँडरसन नावाच्या तरुण तलवारपटूची तलवार एरॉल फ्लिनच्या मांडीस लागली. चूक माझी, असे फ्लिनने स्वतः मान्य केले, ही त्याची दिलदारी. खेळातसुद्धा, सर्व चिलखत आणि जाळीचा मुखवटा असताना, १९८२ मध्ये रोम येथील जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह प्राणास मुकला. प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि मोडके टोक मुखवटा भेदून आत गेले. पाती आणि मुखवटे यांविषयीचे नियम त्यानंतर फार कडक झाले. आपल्याकडे एका गावच्या जत्रेत हौशी मंडळींनी नाटकात देवघरातील खरी तलवार काढली आणि एका नटाची दोन बोटे गेली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फरीगदगा शिकविणारे जुने वस्ताद लाकडी गदगा आणि चामड्याची फरी पोरांच्या हाती का देत, हे त्या गावकऱ्यांस कोणी सांगितले नसावे.

यावर कोणी म्हणेल, खरी लढाई अशी नाचत-बागडत होत नसते. आक्षेप रास्त आहे. १९५२ च्या ‘स्कारामूश’मध्ये नाट्यगृहाच्या कठड्यांवरून, जिन्यांवरून, खुर्च्यांवरून सहा मिनिटांहून अधिक काळ लढाई चालते. पाहावयास बहार येते, पण इतका वेळ खरी तलवार चालली तर दोघेही दमून बसतील. हे उत्तम दाखविले ते १९७७ च्या ‘द ड्युएलिस्ट्स’ या चित्रपटात. विल्यम हॉब्ज या वस्तादाने बसविलेल्या त्या लढाईत तळघरात दोन सैनिक जड तलवारी घेऊन झुंजतात आणि शेवटी तलवार उचलवेना म्हणून एकमेकांच्या अंगाशी भिडतात. कुरोसावाच्या १९५४ मधील ‘सेव्हन सामुराई’त तर याच्याही पलीकडची गोष्ट आहे. दोन योद्धे प्रथम काठ्यांनी लढतात. एक म्हणतो, बरोबरी झाली. दुसरा शांतपणे म्हणतो, तलवारी असत्या तर तू मेला असतास. पहिल्याचा अहंकार दुखावतो आणि तो खऱ्या तलवारीचा हट्ट धरतो. पुन्हा तोच पवित्रा, एकच वार, आणि तो हट्टी मनुष्य मातीत पडतो. या चित्रपटासाठी योशिओ सुगिनो या पारंपरिक विद्येच्या गुरूंनी नटांस शिकविले होते. आमचे म्हणणे इतकेच की, एका वाराची असो की सहा मिनिटांची, दोन्हीकडे पडणाऱ्याने वेळेवर आणि नीट पडले पाहिजे. त्या जपानी नटाचे पडणे चुकले असते, तर पुढच्याची थोरवी कोणी मानली नसती.

आता मघाशी सांगितलेल्या कारणाकडे येतो.

आपल्या वार्षिक संमेलनात येत्या जानेवारीत मुलांचे ‘सिंहगड’ नाटक करण्याचे ठरले आहे आणि ते बसविण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. विषय आपल्या परिचयाचा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये कोल्हापुरास ‘सिंहगड’ मूकपट काढला, तेव्हा रात्रीच्या लढाईसाठी विजेचे दिवे लावून चित्रण केले होते, आणि आपल्या देशात ती नवलाई होती. त्या चित्रपटात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. एवढी मोठी परंपरा आहे! तर आम्ही पात्रांची यादी सूचनाफलकावर लावली. तानाजीसाठी अकरा नावे आली. शेलारमामासाठी चार, सूर्याजीसाठी सहा. मावळ्यांची तर गणती नाही. सहा वर्षांच्या दोन मुलीही त्यांत आहेत आणि आम्ही त्यांस घेणार आहोत. उदयभानासाठी एकही नाव नाही. किल्ल्यावरील शिबंदीसाठी एकही नाव नाही. गडावर वर चढणारे पन्नास, आणि गडावर कोणीच नाही!

आम्ही दोन-तीन घरी जाऊन विचारले. एका माउलीने हात जोडून सांगितले, ‘गुरुजी, आमच्या मुलाला मरायला नका लावू.’ तानाजीही मरतोच, हे आम्ही त्यांच्या लक्षात आणून दिले. त्या म्हणाल्या, ‘ते मरण निराळं.’ यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या घरी मुलाचे आजोबा म्हणाले की, आमच्या घराण्यात शत्रूचे काम कोणी केलेले नाही. त्यांची भावना आम्ही समजतो. परंतु सभासदाची बखर काय सांगते ते पाहा. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलीत तो लढला. अखेर तानाजी आणि उदयभान दोघेही पडले. म्हणजे उदयभान लेचापेचा नव्हता. लेचापेचा उदयभान रंगमंचावर आणला, तर तानाजीची ढाल तुटणार कशी? ती तोडणारा हात कोणाचा? मोठ्या आवाजात संवाद म्हणणारा तानाजी आम्हांस अकरांतून मिळेल. त्या तानाजीस तुटलेल्या ढालीचा क्षण मिळवून देणारा, वार नेमका ढालीवर घालणारा, तानाजी घाईत चुकला तर स्वतः अर्धे पाऊल मागे सरून त्यास इजेपासून वाचविणारा मुलगा आम्हांस पाहिजे आहे. तो या सर्वांत हुशार असावा लागेल, आणि त्याचे गुण पारखून आम्ही त्यास निवडू. उरेल त्यास उदयभान करणार नाही.

बॉब अँडरसनचे नाव मघाशी ओझरते आले, त्याच्याविषयी थोडे सांगावयाचे राहिले. हा इंग्रज १९२२ मध्ये जन्मला, नौदलाच्या सैनिकदलात होता, १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सेबर खेळला. फ्लिनला लागल्यावर त्याचे सिनेमातील दिवस संपले असते. पण तो पुढे साठ वर्षे या धंद्यात राहिला. आपल्या मुलांनी ‘स्टार वॉर्स’ पाहिले आहे. त्यात काळा मुखवटा, काळा झगा घातलेला डार्थ व्हेडर नावाचा खलपुरुष आहे. त्या पोशाखात चालणारा नट होता डेव्हिड प्राऊज. आवाज होता जेम्स अर्ल जोन्स यांचा. आणि १९८० आणि १९८३ च्या चित्रपटांत त्या मुखवट्याआड उजेडाच्या तलवारीने लढणारा होता बॉब अँडरसन, वयाची साठी गाठत आलेला. ही गोष्ट बाहेर फुटू द्यावयाची नाही असा बेत होता. ती फोडली कोणी? समोर नायक म्हणून लढणाऱ्या मार्क हॅमिलने. १९८३ मध्ये एका मुलाखतीत त्याने सांगितले की, व्हेडरच्या लढाया प्रत्यक्षात अँडरसनने केल्या, आणि इतक्या मेहनतीनंतर त्यास श्रेय मिळू नये हे बरोबर नाही.

आम्हांस यातील विशेष हा वाटतो की, श्रेय मागितले ते समोरच्याने. ज्याच्या तलवारीस रोज तलवार भिडली, त्यासच ठाऊक की ती कोणी धरली होती. पुढे १९८७ च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’साठी अँडरसन आणि पीटर डायमंड यांनी दोन नटांस महिनोन्महिने शिकविले. उजव्या हाताने आणि डाव्याही हाताने, कारण कथेत दोघेही डाव्या हाताने आरंभ करतात आणि मध्येच हात बदलतात. कोलांट्या सोडल्या तर ती जवळजवळ सगळी लढाई नट स्वतः लढले आहेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही चित्रपटांचाही वस्ताद अँडरसनच. २०१२ च्या पहिल्याच दिवशी, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला.

हे ध्यानात घेऊन संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत, जेथे आजवर फक्त प्रमुख पात्रे आणि देणगीदार छापले जात, तेथे शिबंदीतील प्रत्येक मुलाचे नाव मावळ्यांच्या नावांइतक्याच टायपात छापण्याचे अध्यक्षांनी मान्य केले आहे. लढाई शिकवावयास आमच्या ओळखीचे तालमीतले एक वस्ताद येणार आहेत. त्यांचे नाव पहिल्या पानावर येईल. तलवारी लाकडीच असतील. कोणाच्या घरी जुने हत्यार असेल तर ते घरीच ठेवावे, कितीही आग्रह झाला तरी आम्ही ते रंगमंचावर येऊ देणार नाही. सराव दर रविवारी सकाळी ८ वाजता याच सभागृहात सुरू होईल. मुलांनी पायांत कॅनव्हासचे बूट घालून यावे, चपला चालणार नाहीत. उदयभानाची एक आणि शिबंदीतील बारा जागा रिकाम्या आहेत. नावे चिटणीसांकडे आज रात्रीच द्यावीत.

चिटणीस खुणावीत आहेत; दूध आटलेले दिसते.